आत्याच्या पाठीतले धपाटे

चार वर्षांनी माहेरून फोन आला, तोही बाळ झाल्याचा नव्हता. बाळ झाल्याचं मुक्ताबाईला अख्ख्या महाराष्ट्राबरोबरच कळलं, मोबाईलवर. गायक हर्षल डोखे आणि मालिकेतली राजनंदिनी यांच्या घरी कन्यारत्न, खाली गुलाबी पावलांचा फोटो, आणि त्याखाली हजारो लोकांनी टाकलेले बदाम. सख्ख्या भावाला मुलगी झाली आणि सख्ख्या बहिणीनं ते शिंगणापूरच्या दुकानात रुईच्या माळा ओवता ओवता पाहिलं. तिनं बदाम टाकला नाही. जिला कुणी सांगितलंच नाही, तिनं आनंद तरी कुठल्या तोंडानं दाखवायचा?

फोन आला तो बारशाचा. आई, केशरबाई, कालच बोलणं अर्धवट राहिल्यासारखी म्हणाली, "गुरुवारी ये. आत्याबिगर नाव कसं ठिवायचं? झालं गेलं सोडून दे."

"बरं," मुक्ता म्हणाली, आणि फोन ठेवल्यावर माळांच्या ढिगात तोंड खुपसून रडली. लाज वाटली तिला, पण रडली.

नवरा बन्सी गिऱ्हाईकाला तेलाची बाटली देत होता. त्यानं सगळं ऐकलं होतं. गिऱ्हाईक गेल्यावर तो एवढंच म्हणाला, "जा. पन सही करू नको कुठं."

"बारसं हाय ते. कोर्ट न्हाई."

"व्हय व्हय. म्हनूनच म्हनतो."

बन्सी माणूस अबोल, पण मेहुण्याला तो पुरता ओळखून होता.

भांडण होतं नऊ एकर पेरूच्या बागेचं. राहात्याच्या अलीकडे, हमरस्त्याला लागून. शाहीर सूर्यभान डोखे यांनी डफ वाजवून, गावोगाव पोवाडे गाऊन ती जमीन केली. त्यांच्या मागे उभं राहून चौदा वर्षं झील धरली ती मुक्तानं. पोरीच्या जातीनं फडात उभं राहू नये असं भाऊबंद म्हणत, तर शाहीर त्यांना म्हणत, तुमच्या पोरांच्या गळ्यात आवाज घाला, मग हिला बसवतो. हर्षल तेव्हा चड्डीत होता. पुढे टीव्हीवरच्या स्पर्धेत त्यानं बापाचेच पोवाडे म्हटले, फेटा बापाचाच बांधला, आणि रातोरात त्याचे फोटो मोठमोठ्या फलकांवर झळकले. त्याचं मुक्ताला वाईट वाटलं नव्हतं. गळा त्याचाही गोड होता, खोटं कशाला बोला.

वाईट वाटलं ते शाहीर गेल्यावर. मृत्युपत्र त्यांनी केलं नव्हतं. तेराव्यानंतर आठवड्याच्या आत हर्षलनं वारसनोंदीचा अर्ज दिला, आणि त्यात वारस दोनच लिहिले: बायको केशरबाई, मुलगा हर्षल. मुलगी नावाचा प्राणी शाहिरांना झालाच नव्हता जणू. मुक्तानं हरकत घेतली, मग कोर्टात दावा लावला. त्या दिवसापासून माहेर बंद. वर हर्षलनं एका मुलाखतीत डोळे पुसत सांगितलं, "माझ्या सख्ख्या बहिणीनं मला कोर्टात खेचलं." मग ज्यांनी तिला कधी पाहिलंही नव्हतं असल्या लोकांनी तिला मोबाईलवर आईबहिणीवरून शिव्या घातल्या. त्या तिनं एकेक वाचल्या. तिला सातबाऱ्यावर बापाच्या नावाखाली आपलं नाव हवं होतं, बाकी काही नाही. आणि तेवढंच हर्षलला द्यायचं नव्हतं.

गुरुवारी ती शिर्डीला निघालेल्या भाविकांच्या जीपमधून निघाली आणि राहात्याच्या अलीकडे उतरली. बारसं खरं तर बाळंतिणीच्या माहेरी व्हायचं. पण राजनंदिनीचं माहेर पुण्यात, तिसऱ्या मजल्यावर. तिथे पाळण्याभोवती पाच कॅमेरे आणि वर ड्रोन फिरवायची सोय नव्हती. म्हणून बाग, बंगला, मंडप. गेटवरच्या सुरक्षारक्षकानं यादी पाहिली.

"नाव?"

"मुक्ताबाई."

"कुणाकडून?"

आता काय सांगावं? ज्या वाटेनं ती बापाच्या पाठीमागे डफ घेऊन घरी यायची, त्या वाटेवर एक परका माणूस तिला कुणाकडून म्हणून विचारत होता. "पोरीची आत्या हाय मी," ती म्हणाली. यादीत तेच लिहिलं होतं: आत्या. नाव नव्हतं.

आत तिला समर्थनं गाठलं. समर्थ म्हणजे हर्षलचा मॅनेजर, कानात यंत्र अडकवून सतत दुसऱ्याशीच बोलत असल्यासारखा दिसणारा तिशीचा माणूस. त्यानं तिच्या लुगड्यावरून नजर फिरवली आणि म्हणाला, "आत्यासाठी मोरपंखी ठरलंय. आत बदलून घ्या. थेट प्रक्षेपण चार वाजता. लोक आठ दिवस विचारतायत आत्या कुठंय, आत्या कुठंय म्हणून."

म्हणजे बोलावणं आईचं नव्हतं, लोकांचं होतं. लेकराचं तोंड तर बघायला मिळेल, मुक्तानं स्वतःची समजूत घातली.

ओसरीवर मोरपंखी साडी नेसून चुलत बहीण रेश्मा बसली होती. डोक्यात गजरा, हातात चुडा, चेहऱ्यावर रंगरंगोटी. मुक्ताला पाहून ती दचकून उठली.

"तू बी मोरपंखी?" मुक्तानं विचारलं.

रेश्मा स्वभावानं गरीब. तिला खोटं बोलता येईना. "समर्थभाऊ म्हनले, नटून बस. मुक्ताताईनं ऐनवेळी काय घोळ घातला, तर आत्या म्हनून तूच पुढं व्हायचं."

मुक्ता हसली, पण ते हसू काही खरं नव्हतं. वरातीत एक घोडं दमलं तर दुसरं असावं, तशी यांनी आत्या जोडीनं आणली होती. "बस बाई बस," ती म्हणाली, "गजरा सुकू देऊ नको."

आतल्या खोलीत राजनंदिनी बाळाला घेऊन बसली होती. मुक्तानं हात पुढे केले, तर ती म्हणाली, "ताई, आधी हात सॅनिटाइझ करा ना. तुमच्या तिकडे तेलाचं काम असतं." मुक्तानं हात धुतले, पुसले, पुन्हा पुढे केले. तेवढ्यात हर्षल आला आणि दार लावून घेतलं. मागोमाग केशरबाई. बाळ राजनंदिनीकडेच राहिलं.

"ताई, बरं झालं आलीस," हर्षल म्हणाला. पाया पडण्यासाठी तो वाकला नाही. कॅमेरा खोलीत नव्हता. त्यानं टेबलावरची फाईल उघडली. "हे एवढं वाचून घे. दावा मागं घेतेस, वाटा मागायचा न्हाई, एवढंच हाय त्यात. बारसं झालं की मी तुला पाळण्यापाशीच साडी देनार, ओटी भरनार, आन् तिथंच तू सही करायची. भाऊ-बहिणीचं मनोमिलन. लोकांना लई आवडंल."

"लोकांपुढं?"

"लोकांपुढंच. तुझीच इज्जत वाढंल. ज्यांनी शिव्या घातल्या तेच पाया पडतील."

तो हुशारीनं बोलत होता आणि मुक्ताला ती हुशारी स्वच्छ दिसत होती. बंद खोलीत ती नाही म्हणेल; पण लाखो माणसांपुढे, ओटीत नारळ घेऊन, कुठली बहीण नाही म्हणते? माणसं गोळा केली की माणूस वाकतो, हे गणित तो टीव्हीवर शिकला होता.

"आन् न्हाई केली तर?"

"तर रेश्मा हाय बाहेर," राजनंदिनी बाळाची टोपी नीट करत म्हणाली. आवाज अगदी मालिकेतला, मऊ.

"तुझ्याशी न्हाई बोलत मी," मुक्ता कडाडली. "माझ्या बापाला तू दोनदा पाह्यलंस. दोनी वेळा फोटोसाठी."

"बघा, बघा आई! बाळंतिणीशी कसं बोलतायत!"

"ये मुक्ते!" केशरबाईंचा हात वर गेला आणि तसाच राहिला. मग त्या एकदम पलंगावर बसल्या. "कितींदा तोंड काळं करनार हायस आमचं? मी न्हाई सोडलं? माझ्या भावांनी कागद म्होरं केला, मी अंगठा दिला. काय लिव्हलंय ते इचारलं बी न्हाई. म्हनून चाळीस वर्सं माह्यार चाललं माझं. दिवाळीला बोलावनं आलं, आखितीला आंबे आले. तुला काय आलं चार वर्सांत? सांग की! काय आलं?"

मुक्ताला काहीच आलं नव्हतं. चार भाऊबिजा तिनं चंद्राला ओवाळलं होतं. दसऱ्याला आईच्या हातची कडाकणी नाही, आजारपणात एक फोन नाही. कोर्टात तारीख पडायची तेव्हा आई वऱ्हांड्यात हर्षलच्या बाकावर बसायची आणि तिच्याकडे पाठ करायची. नऊ एकरांतलं एक झाडही त्या पाठीपेक्षा जड नव्हतं.

केशरबाईंनी तिचा हात धरला. हात सुरकुतला होता, नखात हळद होती. "सही कर माय. मी हाय तवर तुझं माह्यार राहू दे. मी मेल्यावर मग कुनाचं कोन."

आणि मुक्ता विरघळली. खरंच विरघळली, बन्सीनं बजावलेलं, वकिलानं समजावलेलं, सगळं त्या हळदीच्या हातात वाहून गेलं. "बारसं होऊ दे," ती म्हणाली. "मग करते."

"लेखी सोड, तोंडी तरी पक्कं का?" हर्षलनं विचारलं.

"करते म्हनलं ना!"

त्यानं समाधानानं मान हलवली आणि बाहेर जाऊन समर्थला अंगठा दाखवला. मुक्तानं मोरपंखी साडी नेसली.

चार वाजता मंडपात पाळणा सजला होता. फुलं पुण्याची, पाळणा चंदेरी, मागच्या पडद्यावर शाहिरांचा मोठा फोटो. फोटोत त्यांच्या मागे उभी असलेली झीलकरी कापून टाकली होती. फक्त डफ धरलेली तिची बोटं एका कोपऱ्यात राहिली होती. मुक्तानं ती ओळखली, कारण ती तिचीच होती. समर्थनं तीन बोटं वर करून एकेक मिटली आणि सगळे एकदम हसरे झाले.

बायकांनी वरवंट्याला कुंची घातली आणि पाळण्याच्या खालून-वरून द्यायला सुरुवात केली. कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या. पाळण्याच्या एका बाजूला केशरबाई, दुसऱ्या बाजूला मुक्ता. वरवंटा आईच्या हातून लेकीच्या हातात येत होता. कॅमेरा हर्षलवर गेला आणि तो बापाच्या आठवणी सांगू लागला, तशी शेजारच्या एका म्हातारीनं केशरबाईंना हळूच विचारलं, "पयली बेटी धनाची पेटी म्हनायचं आता, न्हवं?"

"म्हनायचं," केशरबाई पुटपुटल्या. "पुढल्या खेपंला पोरगा व्हईल. हे सारं त्याच्यासाठीच तर राखायचं हाय. हिचं काय, हिला लगीन करून दिलं की सुटलो."

पाळण्यात बारा दिवसांची पोर डोळे मिटून पडली होती. मूठ वळलेली, ओठ दुधाचे. तिच्या डोक्यावरून वरवंटा जात होता आणि तिची आजी, न जन्मलेल्या पोराच्या नावानं, तिला घराबाहेर काढत होती. मुक्ताच्या हातात वरवंटा होता. तो तिला एकाएकी फार जड झाला. तिनं तो खाली ठेवला.

ही पोर हर्षलची होती, राजनंदिनीची होती, ज्या घरानं मुक्ताला यादीत नावसुद्धा दिलं नव्हतं त्या घराची होती. तिच्यासाठी आपलं काळीज का तुटावं, हे मुक्ताला कळेना. पण तुटलं. आज आपण सही केली की उद्या हिच्यापुढे फाईल उघडताना हर्षल म्हणेल, आत्यानं नाही का सोडलं? मोठ्या मनाची होती आत्या. आई म्हणाली तसंच, शब्दाला शब्द.

"आता आत्या कानात नाव सांगणार!" समर्थनं खुणावलं. कॅमेरे पाळण्यावर आले. ठरलेलं नाव होतं स्वरजा. तिला ते सकाळपासून चारदा सांगून झालं होतं. मुक्ता वाकली. पोरीच्या कानावर हाताचा आडोसा केला, "कुर्रर्र" म्हणाली, आणि रिवाजाप्रमाणे तिच्या पाठीत धपाटे पडू लागले.

बारशाला आत्याच्या पाठीत धपाटे घालतात ते गंमतीनं. हसत, लाडानं, आवाजापुरते. पहिले दोन तसेच होते, म्हाताऱ्या बायकांचे. तिसरा राजनंदिनीचा. अंगठीवाला हात, नेमका मणक्यावर. चेहरा कॅमेऱ्याकडे, दात सगळे बाहेर. मुक्ताचा श्वास अडकला, पण ती उठली नाही.

"बाई गं," ती पोरीच्या कानात म्हणाली, "तू मोठी झालीस की तुझ्याम्होरं एक कागद आनतील."

धपाटा.

"साडी दावतील. नारळ दावतील. भाऊ डोळे पुशील."

पुन्हा धपाटा, दोन हातांनी. कुणीतरी हसून ओरडलं, "आत्याबाई, नाव ठेवताय का पोवाडा गाताय?" मंडपात हशा झाला.

"तुझी आई रडंल, माह्यार तुटंल म्हनंल. तुटू दे. सही करू नको. काय बी झालं तरी सही करू नको."

केशरबाई अगदी शेजारी होत्या. त्यांनी ऐकलं. मुक्तानं तिरक्या नजरेनं पाहिलं तेव्हा आईचा हसरा चेहरा जागच्या जागी विझला होता. कॅमेरा समोर होता, त्यामुळे त्यांना ओरडता येईना. त्यांनी हात उचलला. तो धपाटा नव्हता. मूठ होती, आणि जन्मभर जोंधळा कांडलेल्या हाताची होती. मुक्ताचं कपाळ पाळण्याच्या दांड्यावर आपटलं. पोर जागी होऊन किंचाळली. बायका अजून हसत होत्या.

मुक्ता सरळ झाली. "स्वरजा," ती मोठ्यानं म्हणाली. नाव पोरीचं होतं, त्याच्याशी तिचं काही वैर नव्हतं. टाळ्या झाल्या, वरून पाकळ्या पडल्या.

हर्षल तबक घेऊन आला. पैठणी, नारळ, आणि पैठणीच्या घडीवर तो कागद, त्यावर पेन. डोळ्यांत पाणी आणायला त्याला क्षणही लागला नाही. "आज बाबा असते," तो कॅमेऱ्याला म्हणाला, "तर त्यांनी पाह्यलं असतं, त्यांची लेकरं एक झाली. ताई, ही भावाची साडी."

मुक्तानं तबकातून फक्त पेन उचललं. समर्थचे डोळे चकाकले. मग तिनं ते पेन हर्षलच्या झब्ब्याच्या खिशाला अडकवलं.

"मी सही करनार न्हाई," ती म्हणाली. आवाज झील धरणारा होता, शेवटच्या रांगेपर्यंत गेला. "मघाशी करते म्हनले व्हते, ती माझी चूक. बापाच्या जमिनीत माझा वाटा हाय, तो मी घेनार. आन् तुझ्या जमिनीत ह्या पोरीचा हाय, तो तू तिला दे. आता सांग लोकांना, रडत सांग."

"बंद करा! बंद करा!" समर्थ किंचाळला. कॅमेरे खाली झाले. पण तोवर जे जायचं ते घरोघर गेलं होतं. हर्षलच्या तोंडावरचं पाणी तसंच होतं, फक्त आता ते खरं दिसत होतं. राजनंदिनी रेश्माच्या अंगावर खेकसली, जसं काही तिनंच केलं.

मुक्ता मंडपातून आतल्या खोलीत गेली, मोरपंखी साडी सोडून आपलं लुगडं नेसली, साडीची घडी करून रेश्माच्या हातात दिली. दारात केशरबाई उभ्या होत्या.

"पुन्यांदा ह्या उंबऱ्यावर पाय ठिवू नको," त्या म्हणाल्या. "मेलीस तू मला."

"ठिवनार," मुक्ता म्हणाली. "तिसरा हिस्सा माझा हाय त्यात." तिला ओरडायचं होतं, पण आवाज फुटला, आणि वाक्य कसंबसं पुरं झालं. आईच्या डोळ्यांत काही हलतंय का, हे तिनं शेवटचं बघून घेतलं. काही हललं नाही. आई बाजूला झाली ती वाट द्यायला नव्हे, अंगाला अंग लागू नये म्हणून.

हमरस्त्यावर शिंगणापूरची जीप मिळाली. आत साईदर्शन करून निघालेली नागपूरची माणसं होती, प्रसादाची पुडी फिरवत होती. मुक्ता मधल्या बाकावर बसली आणि टेकली, तशी कळवळून पुढे झाली. पाठ आता बोलायला लागली होती. पाच-सहा धपाटे पडले होते, सगळे एकमेकांत मिसळून ठणकत होते. पण त्यातला आईचा कुठला, हे तिला बोट ठेवून दाखवता आलं असतं. शेजारच्या बाईनं विचारलं, "टेका ना ताई, जागा आहे." मुक्तानं मान हलवली, आणि शिंगणापूर येईपर्यंत ती तशीच, पाठ न टेकता बसून राहिली.